परक्याच्या ओंजळीने पाणी

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, असे आपल्याकडील वडीलधारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. उपदेश सोन्यासारखा आहे. परंतु घसा कोरडा पडला असेल आणि हाताशी तांब्या नसेल तर माणसाने काय करावे, याचे उत्तर त्यात नाही. स्मार्टफोनच्या जगात नेमका हाच पेच गेली पंधरा वर्षे वादाचा विषय झालेला आहे. नवी कार्यप्रणाली घेऊन बाजारात उतरणाऱ्या कंपनीने दुसऱ्या, अधिक प्रबळ कार्यप्रणालीसाठी लिहिलेली ॲप्स आपल्या फोनवर चालू द्यावीत की न द्यावीत, असा हा प्रश्न. वरकरणी तो अभियंत्यांच्या बैठकीत शोभावा असा. अग्रलेखात त्याला जागा कशासाठी, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बँकेचे व्यवहार, सरकारी दाखले, दुकानदाराचे देणे आणि आखातात किंवा बोटीवर गेलेल्या मुलाशी होणारे बोलणे हे सारे आज फोनच्या काचेआड गेले आहे. अशा काळात कोणत्या फोनवर काय चालेल हे ठरविणारा आपल्या सार्वजनिक जीवनाचा द्वारपालच बनलेला असतो. म्हणून हा वाद सामान्य नागरिकानेही समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम मुळाशी जाऊ. कार्यप्रणाली म्हणजे फोनचे यंत्र आणि त्यावरील ॲप यांच्यामधला कारभारी. ॲपला पडद्यावर अक्षर उमटवायचे असो, छायाचित्र घ्यायचे असो की आपण कोठे आहोत हे जाणून घ्यायचे असो, प्रत्येक वेळी त्याला या कारभाऱ्याकडे ठराविक भाषेत मागणी नोंदवावी लागते. अँड्रॉईडचा कारभारी एक भाषा जाणतो, आयफोनचा दुसरी. साहजिकच एकासाठी लिहिलेले ॲप दुसऱ्यापुढे मुके ठरते. यावर तोडगे तीन. प्रत्येक कार्यप्रणालीसाठी ॲप निराळे लिहिणे हा पहिला. तो उत्तम खरा, पण खर्चिक. फोनमध्येच एक दुभाषी बसवून परक्या ॲपच्या मागण्या आपल्या कारभाऱ्याला समजावून देणे हा दुसरा. आणि ॲपची भानगडच न ठेवता, सर्व फोन जाणतात त्या ब्राउझरमधून सेवा देणे हा तिसरा. वादंग माजले ते मुख्यतः दुसऱ्या तोडग्यावरून.

दुभाषी बसवा असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. नव्या फोनला ग्राहक नसतात म्हणून त्याच्यासाठी कोणी ॲप लिहीत नाही, आणि ॲप्स नसतात म्हणून ग्राहक येत नाहीत. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातलाच हा प्रकार. परक्या ॲप्सना दार उघडले की हे चक्र फुटते, ग्राहकाला पहिल्या दिवसापासून भरलेले घर मिळते, असे त्यांचे म्हणणे. विरोधकांचा सवाल तितकाच नेमका आहे. परके ॲप जर तुमच्या फोनवर आयतेच चालणार असेल, तर तुमच्यासाठी मुद्दाम काही लिहिण्याचे कष्ट कोणी का घ्यावेत? या सवालाला इतिहासाचा आधारही आहे. आय.बी.एम.ने १९९२ साली आपल्या ओएस/टू या संगणक-कार्यप्रणालीची दुसरी आवृत्ती आणली, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवरील आज्ञावल्या तीवर विंडोजहूनही चांगल्या चालतील अशी तिची जाहिरात होती. तो दावा अगदीच पोकळ नव्हता. परंतु विंडोजसाठी लिहिले की ते दोन्हीकडे चालते हे आज्ञावली लिहिणाऱ्यांनी तत्काळ हेरले आणि ओएस/टूसाठी स्वतंत्र लिहिण्याचे बहुतेकांनी टाळले. पाहुण्यांसाठी थाटलेल्या घरात यजमानाचेच बस्तान बसू शकले नाही.

वीस वर्षांनी हाच प्रयोग ब्लॅकबेरीने फोनवर केला, आणि तो मुळातून अभ्यासण्याजोगा आहे. एके काळी ब्लॅकबेरी हाती असणे ही आपल्याकडे साहेबीची खूण समजली जाई. आयफोन आणि अँड्रॉईड यांच्या रेट्यात मागे पडलेल्या या कॅनडियन कंपनीने ३० जानेवारी २०१३ रोजी ब्लॅकबेरी १० ही सर्वस्वी नवी कार्यप्रणाली जगापुढे ठेवली. पुढच्याच महिन्यात तिचा झेड१० हा फोन भारतात ४३,४९० रुपयांना विक्रीस आला. कंपनीने एकाच वेळी दोन डगरींवर पाय ठेवले होते. एकीकडे आपल्या प्रणालीसाठी खास लिहिलेल्या, पसंतीस उतरलेल्या ॲप्सना उत्पन्नाची हमी द्यायची, आणि दुसरीकडे अँड्रॉईडची ॲप्स थोडीफार डागडुजी करून आणणाऱ्यांनाही बक्षिसे वाटायची. आरंभी दुकानात सत्तर हजार ॲप्स असल्याची दवंडी पिटली गेली, परंतु त्यांत अँड्रॉईडवरून उतरविलेल्यांचा वाटा लक्षणीय होता.

आता या दुभाष्याची गुणवत्ता पाहा. फोन बाजारात आला तेव्हा त्यातील दुभाषी अँड्रॉईडची २.३ ही २०१० सालची बोली बोलत होता. त्या वेळी प्रत्यक्ष अँड्रॉईड ४.२ पर्यंत पोहोचलेले होते. २०१३ च्या उत्तरार्धात दुभाष्याला ४.२ शिकविली, तोवर गूगलने ४.४ आणले. २०१४ मध्ये तो ४.३ शिकला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पाचवी आवृत्ती आली. दुसऱ्याच्या सावलीमागे धावणाऱ्याची सावलीशी गाठ कधी पडत नाही. शिवाय एक मोठी गोम होती. अँड्रॉईडचा गाभा सर्वांना खुला असला, तरी नकाशे, सूचना पाठविणे, देणी चुकविणे, खाते ओळखणे अशा अनेक सोयी गूगलच्या ‘प्ले सर्व्हिसेस’ या वेगळ्या आणि खासगी कप्प्यात आहेत. तो कप्पा ब्लॅकबेरीला उपलब्ध नव्हता. त्यामुळे त्यांवर विसंबलेली ॲप्स एक तर अडखळत किंवा मुळीच चालत नसत. अँड्रॉईडचे ॲप थेट बसविण्याची मुभा जानेवारी २०१४ मध्ये दिली गेली, त्याच वर्षी ॲमेझॉनचे दुकानही फोनवर आले. पण तोवर गाडी स्थानक सोडून गेली होती. सप्टेंबर २०१३ मध्येच कंपनीने ४,५०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्लॅकबेरीने सरळ अँड्रॉईडवर चालणारा फोन काढला. दुभाषी म्हणून ज्याला ओसरीवर बसविले, तोच अखेर घराचा मालक झाला. ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरी फोनांना पाठबळ देणाऱ्या सेवा कायमच्या थांबल्या.

एवढ्यावरून ‘पाहा, दार उघडले म्हणून घर बुडाले’ असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. कारण दार बंद ठेवणाऱ्याचे काय झाले, तेही समोर आहे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनने परक्या ॲप्सना प्रदीर्घ काळ आत घेतले नाही. एप्रिल २०१५ मध्ये अँड्रॉईडची ॲप्स आणण्यासाठी एक पूल बांधण्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो अर्धवट असतानाच सोडून देण्यात आला. मायक्रोसॉफ्टइतकी धनाढ्य कंपनी, नोकियासारखे जगन्मान्य नाव पदरी. तरीही जानेवारी २०२० मध्ये तिच्या फोन-प्रणालीचा शेवट झाला. सारांश, दार उघडणारा बुडाला आणि दार लावून बसलेलाही बुडाला.

या वादाला आणखी एक पदर आहे. परके ॲप आपल्याकडे आणण्याची चर्चा पुष्कळ होते. आपले ॲप परक्याकडे पाठविण्याची फार कमी. ब्लॅकबेरीचा स्वतःचा संदेशवाहक एके काळी इतका लोकप्रिय होता की केवळ त्यासाठी लोक हा फोन घेत. तो इतर फोनांना द्यावा की आपल्याच तिजोरीत ठेवावा, यावर खल करण्यात वर्षे गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये तो अँड्रॉईड व आयफोनवर आला, तेव्हा २००९ साली जन्मलेल्या आणि मिळेल त्या फोनवर शिरकाव करणाऱ्या व्हॉट्सॲपने मैदान मारलेले होते. ब्लॅकबेरीच्या ग्राहकांसाठी असलेला संदेशवाहक ३१ मे २०१९ रोजी बंद झाला. सर्वांच्या दारी जाणारा जिंकला, आपल्याच माजघरात बसणारा हरला. मौज अशी की, २०१७ सरताच त्याच व्हॉट्सॲपने ब्लॅकबेरीला दिलेला आधार काढून घेतला. प्रबळ झालेल्या पाहुण्याला जुन्या यजमानांची आठवण राहत नाही.

प्रबळांच्या बाजूचेही एक तत्त्वज्ञान आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे. एप्रिल २०१० मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी ॲडोबीच्या फ्लॅश या तंत्राला आयफोनवर मज्जाव का, याची जाहीर कैफियत मांडली. मधल्या थरावर बेतलेली ॲप्स दुय्यम दर्जाची होतात आणि फोनमध्ये आलेली नवी सोय वापरण्यासाठी त्या मधल्या थराच्या मालकाची मेहेरबानी पाहावी लागते, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. तांत्रिकदृष्ट्या तो बिनबुडाचा नव्हता. ॲडोबीने पुढच्याच वर्षी फोनसाठी फ्लॅश विकसित करणे थांबविले आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅश पूर्णतः अस्तंगत झाले. परंतु त्याच सुमारास ॲपलने एका पायरीने पुढे जाऊन, परक्या साधनांनी लिहून भाषांतरित केलेल्या ॲप्सनाच बंदी घातली. ओरड झाली आणि सप्टेंबर २०१० मध्ये ती बंदी सैल करावी लागली. आज एकदा लिहून दोन्ही प्रणालींवर चालविता येईल अशी साधने सर्रास वापरली जातात आणि ग्राहकाला बहुधा त्याचा पत्ताही लागत नाही. दर्जाची काळजी आणि मक्तेदारीची हौस या दोन गोष्टी एकाच अंगरख्यात कशा वावरू शकतात, याचे हे उदाहरण आम्हांस बोलके वाटते.

दुसऱ्या टोकाची भूमिका ब्लॅकबेरीचे प्रमुख जॉन चेन यांनी जानेवारी २०१५ मध्ये घेतली. इंटरनेट पुरविणाऱ्याने कोणत्याही मजकुरात भेदभाव करू नये असा नियम करता, तर मग ॲप लिहिणाऱ्यानेही फोनाफोनांत भेदभाव करू नये असा नियम करा, अशी मागणी त्यांनी अमेरिकेतील लोकप्रतिनिधींकडे केली. मागणी हरणाऱ्याच्या तोंडून आलेली, म्हणून तिची थट्टा झाली आणि ती कायद्यात उतरली नाही. ते योग्यच झाले. एखाद्या चिमुकल्या व्यावसायिकाला दहा प्रकारच्या फोनांसाठी दहादा लिहिण्याची सक्ती करणे म्हणजे त्याच्या गळ्यात धोंड बांधणेच होय. तथापि, चेन यांनी बोट ठेवलेली जागा खरी दुखरी होती. खासगी व्यावसायिकाला जी सक्ती अन्याय्य ठरेल, ती सरकारलाही अन्याय्यच ठरते काय? या प्रश्नाकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

तत्पूर्वी चीनमधला तिसरा प्रयोग पाहिला पाहिजे. मे २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातल्यावर हुआवेच्या नव्या फोनांतून गूगलच्या सेवा गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने हार्मनी ही कार्यप्रणाली जाहीर केली आणि जून २०२१ पासून ती फोनांवर आणली. पहिली काही वर्षे तिच्यावर अँड्रॉईडची ॲप्स खुशाल चालत असत. मधल्या काळात स्वतःच्या ॲप्सची जमवाजमव झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेक्स्ट’ या आवृत्तीने अँड्रॉईडच्या ॲप्सना दार बंद केले. उसने पाणी प्यायचे, पण त्या अवधीत आपली विहीर खणायची, हे धोरण ब्लॅकबेरीला जमले नाही ते येथे बऱ्याच अंशी जमलेले दिसते. त्यामागे प्रचंड देशी बाजारपेठ, सरकारचे पाठबळ आणि दुसरा मार्गच न उरल्याची निकड होती, हे विसरून चालणार नाही. तरीही तिन्ही प्रयोग शेजारी ठेवले की एक गोष्ट स्वच्छ दिसते. परक्या ॲप्सना थारा देणे हा धर्म नव्हे, आपद्धर्म आहे. त्याने वेळ मिळतो. त्या वेळेचे काय केले यावर पुढचे सारे अवलंबून असते.

आपल्या देशात हा विवेक अधिकच हवा आहे. जानेवारी २०२३ मध्ये आय.आय.टी. मद्रासच्या आश्रयाने विकसित झालेल्या ‘भारओएस’ या प्रणालीचा मोठा गाजावाजा झाला, केंद्रीय मंत्र्यांनी तिची चाचणी घेतली. ती अँड्रॉईडच्याच खुल्या गाभ्यावर उभारलेली आहे. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. मात्र उसने कोणते आणि स्वतःचे कोणते याचा हिशेब लोकांपुढे मांडल्याविना ‘स्वदेशी’ हा शब्द उच्चारला, तर तो केवळ नगारा ठरतो. खरा अडसर गाभ्यात नसून वर सांगितलेल्या त्या खासगी कप्प्यात आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तो उगाच नव्हे. अँड्रॉईडची निराळी रूपे वापरण्यापासून फोन-उत्पादकांना रोखणाऱ्या करारांवर आयोगाने नेमका घाव घातला होता. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. पण प्ले सर्व्हिसेसच्या वापरात अडवणूक करू नये हा आयोगाचा आदेश रद्द ठरविला. स्वदेशी कार्यप्रणालीच्या घोषणा देणाऱ्यांनी या एका ओळीचे परिणाम लोकांना समजावून सांगितल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता वर सोडलेल्या प्रश्नाकडे वळू. जुलै २०१७ मध्ये दीड हजार रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर जिओफोन जाहीर झाला आणि स्मार्टफोन न परवडणाऱ्या लाखो घरांत इंटरनेट पोहोचले. त्याची कार्यप्रणाली काईओएस. ना अँड्रॉईड, ना आयफोन. त्यावर व्हॉट्सॲप येण्यास २०१८ साल उजाडावे लागले, आणि जून २०२४ पासून त्यावर ते नव्याने उतरवून घेण्याची सोयही बंद झाली. ही एका खासगी कंपनीची मर्जी, असे म्हणून सोडून देता येईल. परंतु एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या ऐन भयात केंद्र सरकारने ‘आरोग्य सेतू’ आणले, ते अँड्रॉईड आणि आयफोन यांच्यापुरते. जिओफोनधारकांसाठी ते मे महिन्याच्या मध्यास आले. साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ या क्रमांकावरील ध्वनिसेवाही मेमध्येच सुरू झाली. जो सर्वांत गरीब, ज्याच्या दारी वैद्य सर्वांत उशिरा पोहोचणार, त्यालाच रांगेत शेवटी उभे केले गेले. कोणी दुष्टाव्याने हे केले असे आम्ही म्हणत नाही. पण कार्यालयात बसणाऱ्यांच्या खिशात जो फोन असतो तोच साऱ्या देशाच्या खिशात आहे, या समजुतीतून असेच घडत राहते.

हे टाळता येते, याचा पुरावाही आपल्याच देशात आहे. साध्यात साध्या फोनवर *९९# दाबून बँकेचा व्यवहार करण्याची सोय २०१४ पासून देशभर उपलब्ध आहे. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनांसाठी ‘यूपीआय १२३पे’ सुरू केले. यांपैकी कशालाही गूगलचा कप्पा लागत नाही, ॲपलची परवानगी लागत नाही. आमच्या राज्याचे ‘गोवा ऑनलाईन’ हे सेवा-संकेतस्थळ ब्राउझरमधून उघडते, ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी तत्त्वतः मोलाची आहे. सत्तरी-सांगेच्या डोंगरकपारीतील शेतकऱ्याला किंवा काणकोणच्या किनाऱ्यावरील रापणकाराला दाखला हवा असेल, तर त्याने आधी कोणत्या परदेशी कंपनीचे खाते उघडावे, अशी अट कोणत्याही सरकारला घालता कामा नये. उद्या हीच सेवा ‘केवळ ॲपमधून मिळेल’ असा फतवा निघाला, तर त्यास विरोध करण्याची तयारी नागरिकांनी आजच ठेवलेली बरी.

आमचे मत यावरून स्पष्ट व्हावे. फोन कोणी कोणता बनवावा, त्यात दुभाषी बसवावा की दार लावून घ्यावे, हा त्या त्या व्यापाऱ्याचा जुगार आहे. त्याचा नफा-तोटा त्याने सोसावा. स्वदेशी प्रणाली उभारणाऱ्यांनी परक्या ॲप्सचा आधार खुशाल घ्यावा, परंतु तो किती काळ आणि त्या काळात आपली विहीर किती खोल जाईल, हे आधी सांगावे. स्पर्धा आयोगाने सुरू केलेले काम अर्धवट राहणार नाही, हे संसदेने पाहावे. आणि सरकारी पैशाने उभी राहणारी प्रत्येक सेवा प्रथम ब्राउझर, ध्वनी व साधा संदेश या सर्वसामान्य वाटांनी मिळालीच पाहिजे, ॲप ही त्यावरची केवळ जादा सोय असावी, असा नियम लेखी स्वरूपात यावा. व्यापाऱ्याने कोणाच्या ओंजळीने पाणी प्यावे हे तो पाहून घेईल. सार्वजनिक पाणवठ्यावर मात्र प्रत्येकाला आपापले भांडे घेऊन येण्याचा हक्क असला पाहिजे, आणि ते भांडे कोणत्या कारखान्यात घडले हे विचारण्याचा अधिकार कोणालाही असता कामा नये.